सालींच्या बदल्यात चिठ्ठी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस, हा तुझा नेहमीचा प्रश्न. स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसून मी सगळी नोकरी फोन उचलण्यात घालवली. अजूनही घंटी वाजली की तोंडातून गाडीचा नंबर बाहेर पडेल की काय असं वाटतं. तेव्हा माझी खबर हवी असेल तर शाई खर्च कर. आणि शाई हा शब्द आला ‘स्याही’वरून, म्हणजे काळेपणा. तू आयुष्यभर निळ्या शाईने लिहितोस, म्हणजे निळ्या काळेपणाने. ही कालची चिठ्ठी. घरचा म्हणून तुला सालींशिवाय दिली.

हे चिठ्ठ्यांचं काय खूळ आहे असं तू विचारतोस, तर ऐक. गच्चीवर माझी तीन पिंपं आहेत, बाजूंना भोकं पाडलेली. सकाळी प्रत्येक घर ओल्या कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवतं. मी ती वर नेते, चिवडून पाहते, पिंपात रिकामी करते, वर वाळका पाला आणि सुताराकडचा भुसा पसरते. धुतलेली बादली परत करताना तळाशी एक चिठ्ठी. एखाद्या शब्दाची कुळकथा, नाहीतर इतिहासातली एखादी गंमत. नियम एकच. बादलीत प्लास्टिक, दोरा, गोळ्यांचं पाकीट असलं काही निघालं तर कचरा घेईन, पण चिठ्ठी नाही.

आधी सगळे हसले. आता मला उशीर झाला तर दारात उभे असतात. पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई चिठ्ठी वाचल्याशिवाय मशीनवर बसत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या नवरा-बायकोत ती आधी कोणी वाचायची यावरून जुंपते. पिंप, घमेलं आणि बादली हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांच्या जहाजातून आले हे सांगितलं, त्या दिवशी जिन्यात तासभर गप्पा चालल्या होत्या. तुला खरं सांगते, निवृत्त झाल्यावर मला कोणी काही विचारेनासं झालं, तेव्हा मी आतून वाळत चालले होते. आता पुन्हा लोक मला विचारतात. या पिंपांनी मला ते दिलं.

आता कटकट. तळमजल्यावर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष राहतात, दातांचे डॉक्टर. त्यांच्या बादलीत रोज काहीतरी निघतं. कधी हातमोज्याचं बोट, कधी दात कोरायचा दोरा. त्यामुळे त्यांना आजवर एकही चिठ्ठी मिळालेली नाही. हा त्यांना अपमान वाटला. त्यांनी फलकावर सूचना लावली आहे की गच्चीवरच्या पिंपांमुळे दुर्गंधी पसरते, सबब महिनाअखेरच्या सभेत ती हटवण्याचा ठराव येईल. पिंपं गच्चीवर आणि हे तळमजल्यावर. वास मधले सगळे मजले टाळून बरोबर यांच्याच नाकात उतरतो. तरी खोटं बोलणार नाही, जानेवारीत दोन दिवस खरंच घाण वास सुटला होता. कोणाकडे तरी पार्टी झाली, पातेलंभर शिजलेला कोबी आला आणि माझा भुसा संपलेला. मी सगळं उपसून, पुठ्ठे फाडून घालून ठिकाणावर आणलं. आज पिंपात डोकं घातलंस तर ओल्या मातीचा वास येईल.

गेल्या वर्षी गच्चीच्या जिन्यात मी घसरले, तेव्हा तुला शब्द दिला होता की ज्या दिवशी माझी गच्ची सुटेल त्या दिवशी घर बंद करून तुझ्याकडे कायमची येईन. शब्द लक्षात आहे. पण तो दिवस मी येऊ देणार नाही, तेव्हा उगाच खूश होऊ नकोस.

दुकानात उपाशी बसत जाऊ नकोस. मायेत काही कमी नाही, फक्त ती आज जरा तापलेली आहे.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचलं आणि दुकानात एकटाच हसलो. गिऱ्हाइकाला वाटलं त्याच्या नाकावरच्या फ्रेमला हसतोय. मग त्याला तुझीच जुनी गोष्ट सांगितली, की चष्म्याला कानावर अडकवायच्या काड्या लागायला चारशे वर्षं गेली, तोवर माणसं तो नाकावर तोलत बसत. त्याने त्या आनंदात दोन फ्रेम घेतल्या. तुझ्या चिठ्ठ्या माझ्याही धंद्याला उपयोगी पडतात, बघ.

पण ताई, मी म्हणतो, दे ना त्या डॉक्टरांना एक चिठ्ठी. कागदाच्या कपट्यासाठी अख्खी गच्ची पणाला लावायची म्हणजे काय? निवडून टाक तो दोरा, कानाडोळा कर, आणि घाल एक चिठ्ठी त्यांच्या बादलीत. प्रकरण मिटेल. आणि नाही मिटलं तरी काय आकाश कोसळणार आहे? मागची खोली मी रंगवायला काढली आहे. फिका पिवळा रंग सांगितला, तुला आवडतो तो. खिडकीला नवीन जाळी बसवतोय. इथे जिना नाही, तळघर नाही, सगळं एका पातळीवर. तुझ्या गुडघ्यांना आता दिवसातून तीनदा गच्ची चढणं झेपत नाही हे मान्य कर.

तुमच्या अध्यक्षांचा मला फोन आला होता. रखवालदाराच्या वहीत तुझ्या नावापुढे अडीअडचणीला म्हणून माझा नंबर आहे ना, त्यावरून. बोलायला सभ्य वाटले. तुझी काळजी करत होते. दोन शब्द बोललो.

भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नकोस. रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू उंटावरून शेळ्या छान हाकतोस. कानाडोळा करून चिठ्ठी घाल म्हणे. अरे, मग बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांना काय किंमत राहिली? शिवणवाल्या बाई रोज सालींतून चिंध्या-दोरे वेचून काढतात आणि मग बादली बाहेर ठेवतात. बँकवाल्याने टी-बॅगांच्या पिना काढायला चिमटा आणला आहे. त्यांनी मेहनत करायची आणि अध्यक्षांनी नुसतं डोळे वटारायचे, आणि चिठ्ठी दोघांना सारखीच? चिठ्ठी ही लाच नाही. लाच मी आजवर कोणाला दिली नाही, यांनाही देणार नाही.

त्यांच्यासाठीची चिठ्ठी तयार नाही असं समजू नकोस. नायलॉन निघायच्या आधी दात घासायच्या ब्रशला डुकराचे राठ केस लावत, ही गोष्ट खास दातांच्या डॉक्टरांसाठी मी राखून ठेवली आहे. एक दिवस, फक्त एक दिवस स्वच्छ बादली ठेवा आणि घेऊन जा. हे मी त्यांना जिन्यात तोंडावर सांगितलं. त्यावर ते म्हणाले की कचऱ्याची परीक्षा द्यायला ते शाळेत नाहीत. मी म्हटलं, नापास होणारे सगळे असंच म्हणतात. तिथून ते जे फणफणत गेले ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

सभेची मला भीती वाटत नाही. ज्यांच्या दारात मी रोज सकाळी जाते तीच माणसं हात वर करणार आहेत. त्यांना पिंपं हवी आहेत हे मला त्यांच्या बादल्यांवरून कळतं. मधल्या पिंपात सध्या इतकी छान ऊब धरली आहे की सकाळी झाकण काढलं की वाफ येते. पांढरी बुरशी आली आहे. शेजारच्या निवलेल्या पिंपात गांडुळं वर यायला लागली आहेत. एका मोठ्या शास्त्रज्ञाने गांडुळांना ऐकू येतं का ते पाहायला पोराकडून त्यांच्यासमोर वाद्य वाजवून घेतलं होतं. गांडुळांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सभेत मी तसंच बसायचं ठरवलं आहे.

आणि माझ्या गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. तो विषय बंद. अध्यक्षांशी तू जे दोन शब्द बोललास, ते कोणते? ते लिही.

ऊन लागेल तिथे टोपी घाल. तुझं भलं होवो, अक्कलही येवो.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

रंगाऱ्याने पिवळ्याच्या जागी भलताच रंग फासला होता. त्याच्याशी भांडण्यात आठवडा गेला. आता पुन्हा घासून लावतोय. खिडकीतून शेजारच्यांचं झाड दिसतं, तिथे तुझी खुर्ची ठेवणार आहे. दुकानात नवीन यंत्र घेतलं, नंबर काढायला. त्यात डोकं घातलं की लांब रस्त्याच्या टोकाशी एक घर दिसतं. गिऱ्हाइकं विचारतात की ते घर कोणाचं. मी म्हणतो, माझ्या ताईचं.

अध्यक्षांशी काही विशेष बोललो नाही. तुझी तब्येत, माझी तब्येत, असंच. सभा झाली की लगेच कळव.

हे पत्र छोटं आहे म्हणून आशीर्वाद छोटा पाठवू नकोस.

तुझा
धाकटा

१ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सभा झाली. मी हरले. एकट्या माझ्याशिवाय सगळ्यांचे हात ठरावाच्या बाजूने वर गेले. बँकवाल्याचा गेला, त्याच्या बायकोचा गेला. शिवणवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि मग हात वर केला. ते हसणं मला चावून गेलं. मान खाली घालून केला असता, तोंड वळवून केला असता, तर समजले असते.

पिंपं पंधरा तारखेपर्यंत गच्चीवरून हलवायची आहेत. मी सभेत एक शब्द बोलले नाही. घरी येऊन भांडी घासली, एक कप फुटला. रडले नाही. माणसांना बादलीवरून ओळखता येतं असं मी तुला लिहिलं होतं, ते खोडून टाक. मला काहीच ओळखता येत नाही.

तुला शब्द दिला होता. माळ्यावरून पेटी काढून ठेवली आहे. पण तिच्यात अजून काही भरलेलं नाही, हेही लिहून ठेवते. गच्ची गेली, मी अजून गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी जिना उतरले. बादल्या होत्या. मी त्या वर नेल्या, रिकाम्या केल्या, धुतल्या आणि चिठ्ठ्या घालून परत दिल्या. ज्यांनी मला गच्चीवरून उठवलं त्यांच्याच साली मी का निवडतेय, याचा विचार करत होते. पण स्वच्छ बादलीला चिठ्ठी, हा नियम मी केला आहे, त्यांनी नाही. तो मी मोडणार नाही.

आज याहून जास्त लिहवत नाही. तू मात्र सावकाश लिही.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या मागोमाग आनंदही झाला. देवाने नाही ऐकलं, सोसायटीने ऐकलं म्हणायचं. खोली तयार आहे. रंग आता हवा तसा झाला आहे. जाळी बसली, खुर्ची आली. वाचायला दिवा लावला आहे, तो डाव्या बाजूने, कारण तू डाव्या कुशीवर वाचतेस. चौदाची सकाळची गाडी धर, मी स्टेशनवर येतो. सामान हमालाकडे दे, स्वतः उचलू नकोस. पिंपं तिथेच कोणाला तरी देऊन टाक. इथे आपण फुलांच्या दोन कुंड्या ठेवू, तेवढं पुरे.

त्या लोकांचं मनाला लावून घेऊ नकोस. शेजारी ते शेजारीच. आपल्याला आता एकमेकांशिवाय आहे कोण?

तुझी वाट दुकानापासून स्टेशनपर्यंत पसरलेली आहे.

तुझा
धाकटा

९ मार्च

धाकट्या,

आज आशीर्वाद नाही. तो नंतर बघू.

काल शिवणवाल्या बाई आल्या होत्या. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर प्रवासाच्या पेटीची खोळ. जाड निळं कापड, कडेला दुहेरी शिवण, कोपऱ्यात माझं आडनाव भरतकामात. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या की तुम्ही भावाकडे कायमच्या जाणार हे कळल्यापासून रोज थोडी थोडी शिवत होते. मी विचारलं, हे कधीपासून माहीत आहे? तर सभेच्या कितीतरी आधीपासून. अध्यक्षांनी घरोघर सांगितलं की बाई या महिन्यात घर बंद करून जात आहेत, त्यांच्या भावानेच फोनवर सांगितलं, खोलीसुद्धा रंगवून होत आली. मग त्यांच्यामागे ही पिंपं कोण ढवळणार? सडून किडे पडण्यापेक्षा आताच हलवलेली बरी. म्हणून सगळ्यांनी हात वर केले. बाई हसल्या त्या माझा निरोप घेतल्यासारख्या हसल्या होत्या. आणि मी आठवडाभर त्यांना मनात नाही नाही ते बोलत होते.

तर हे तुझे दोन शब्द. मी तुला स्पष्ट विचारलं होतं. तू मला रंगाऱ्याची गोष्ट सांगितलीस. मी इथे पिंपांसाठी दात-ओठ खाऊन भांडत होते आणि तू तिकडे माझी खुर्ची खिडकीत मांडून मोकळा. मी येतेय हे मला सोडून सगळ्या इमारतीला माहीत होतं. इतका राग मला अध्यक्षांचाही आला नाही. ते निदान समोरून लढले.

शब्दाचं म्हणशील, तर मी म्हटलं होतं की गच्ची सुटली तर येईन. गच्ची सुटली नाही, तू सोडवलीस. तो शब्द मी परत घेते. पेटी माळ्यावर गेली. खोळ मी ठेवून घेतली आहे, कारण ती सुरेख शिवली आहे.

आज सकाळी सगळ्यांच्या बादलीत एकच चिठ्ठी घातली. ना शब्दाची, ना इतिहासाची. लिहिलं की तिसऱ्या मजल्यावरची बाई कुठेही जात नाही. अध्यक्षांच्या बादलीत घातली नाही, तिच्यात गोळ्यांचं पाकीट होतं.

आणि आता तुझ्यापुरतं. माझे गुडघे, माझा जिना, माझं वय, हे सगळं तू महिनोन्‌महिने मला ऐकवतोस. तुला मला न्यायचं आहे ते माझ्या गुडघ्यांसाठी नाही. तुझी बायको गेल्यापासून तुझ्या पत्रांत घरातलं एक वाक्य नसतं. सगळं दुकानातलं असतं. तुला एकटं वाटत असेल तर एकटं वाटतं म्हण. ते म्हणायची लाज वाटते म्हणून मला म्हातारी करू नकोस.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार करायला तोंड नाही, तरी करतो.

डॉक्टरांनी विचारलं की बाईंचं पुढे काय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ती आता माझ्याकडेच येणार आहे. मला ते मोठ्याने म्हणून बघायचं होतं. म्हटल्यावर इतकं बरं वाटलं की दुरुस्त केलं नाही. त्याचं काय होईल हा विचार डोक्यात आला होता. तो मी पुढे ढकलला. तू विचारलंस तेव्हाही ढकलला.

तुझे गुडघे ठीक आहेत. ते निमित्त होतं. दुकान बंद केलं की घर खायला उठतं. ही गेल्यापासून मी स्वयंपाकघरातला दिवा लावत नाही, दुकानातून काहीतरी खाऊन येतो आणि झोपतो. खोली रंगवताना महिनाभर रंगारी होता, तेवढे दिवस घरात कोणीतरी खोकत होतं. एवढंच.

तुमच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं की मी बोललो ते खोटं होतं. ते म्हणाले ठराव झाला आहे. मी फोनवर त्यांच्याशी भांडलो, ताई. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझा
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. मागचा राहिलेलाही यातच धर.

चिठ्ठी वाचून त्या दिवशी सगळे वर आले. बँकवाल्याच्या बायकोने सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. पुन्हा सभा घ्या म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. अध्यक्षांनी नियम दाखवला की झालेला ठराव सहा महिने उघडता येत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, गच्चीचा ठराव गच्चीला. माझ्या उंबऱ्याच्या आत काय कुजवायचं ते मी ठरवीन. पंधरा तारखेला आम्ही सगळ्यांनी मिळून पिंपं खाली आणली. कोच जिन्याखाली गेला. आता दोन पिंपं दिवाणखान्यात आणि एक स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. अध्यक्ष येऊन वास घेऊन गेले. बराच वेळ घेतला.

परवा त्यांची बादली तळमजल्यावरून चढून माझ्या दारात आली. स्वतः घेऊन आले होते. दोरा नाही, मोजा नाही, काही नाही. मी त्यांच्यासमोर चिवडली. केळ्याच्या सालीवर दुकानाचं चिकटपट्टीचं लेबल निघालं. ते म्हणाले एवढंसं तर आहे. मी बादली धुऊन परत दिली. रिकामी.

तुझं पत्र मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. हे तू आधी लिहायचं होतंस, वेड्या. दोन वर्षं अंधारात बसलास आणि मला खिडकीच्या जाळीचं सांगत राहिलास. मी येणार नाही. माझं इथे आहे, आणि ते मी भांडून ठेवलं आहे. तू ये. दुकान पंधरा दिवस बंद राहिलं तर लोक काही आंधळे होत नाहीत. आवडलं तर पुन्हा ये, आणि पुन्हा. निजायची सोय दिवाणखान्यात, दोन पिंपांच्या मध्ये. दिवा कुठल्या बाजूला हवा ते कळव.

आणि सकाळच्या बादल्या तुला आणाव्या लागतील. सगळे जिने उतरून आणि चढून. माझे गुडघे दुखतात, धाकट्या. गेल्या वर्षीपासून दुखतात, रोज दुखतात. आता तू खरं बोललास, तर मलाही लपवायचं कारण नाही. गाडीचा दिवस कळव. मी स्टेशनवर येणार नाही, जिना फार आहे. घरी वाट पाहते.

तुझी ताई